घरगुती पिनबॉल: उतार किती, फ्लिपर कशाने ओढायचा?

वणीकर: जत्रेसाठी ९० × ५० सेंमी फळीवर पिनबॉल करतो आहे. गोळी बेअरिंगची, २५ मिमी. उतार किती ठेवू? लाइनचा भरवसा नाही, पण फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी आहे. फ्लिपर (गोळीला वर फटकावणारा दांडा) हलवायला सॉलेनॉइड (करंट दिला की लोखंडी दांडा ओढणारी कॉइल) चालेल काय?

सागवानी: उतार ६.५ अंश, म्हणजे ९० सेंमीला मागची बाजू साधारण १० सेंमी उंच. पायांना फिरवता येणारे बोल्ट लावा, जत्रेतली जमीन कुठं सपाट असते! आडवी लेव्हल चुकली तर गोळी एकाच बाजूला पळते.

सॉलेनॉइडचा नाद सोडा भाऊ. पोट्टे बटण दाबून धरतात अन् कॉइल जळते. मोठ्या मशीनमध्ये यासाठीच दोन वाइंडिंग असतात, एक फटक्याचं, दुसरं कमी करंटवर धरून ठेवायचं. त्यापेक्षा सायकलचा ब्रेक लिव्हर अन् केबल लावा. केबल १५ मिमी ओढली गेली अन् शाफ्टवरचा आर्म १७ मिमीचा असला, तर फ्लिपर ५० अंश फिरतो. परत आणायला स्प्रिंग.

वणीकर: आर्म लांब केला तर?

सागवानी: जोर वाढेल, फिरणं कमी होईल.

खटपट्या: केबलचं बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना पक्कं अडवा, नाहीतर ओढ त्यातच जिरते. शाफ्टला पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) हवाच. नुसतं लाकडातलं भोक लवकर ढिलं होतं. फ्लिपरवर ट्यूबची पट्टी चढवा. खाली लोंबत्या फ्लिपरच्या टोकांत ३५ मिमी फट ठेवा. आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) नको, पावसाळ्यात फुगतं.