‘वेल्फेअर चेक’ला मराठीत काय म्हणाल? (‘समाचार घेणे’वर अडलंय)

मुक्ता (डॅलस)

एका शब्दावर आठवडाभर अडले आहे. इथे अमेरिकेत डॅलस-फोर्ट वर्थ भागात मुलांकडे सहा-सहा महिने राहायला येणारे आईवडील पुष्कळ. दिवसभर घरात एकटे. त्यांच्यासाठी आम्ही काही जणी चार पानी मराठी पत्रक करतोय. त्यात ‘वेल्फेअर चेक’ समजावून सांगायचा आहे. कुणी फोन उचलत नाही, शेजारच्या घरात काहीतरी बिनसलंय असं वाटतं, अशा वेळी पोलिसांना कळवलं की ते जाऊन बघून येतात. मी लिहिलं, ‘पोलीस जाऊन त्यांचा समाचार घेतील.’ आम्ही वाईचे. आजी आजाऱ्याला बघून आली की ‘समाचाराला गेले होते’ म्हणायची. पत्रक तपासणाऱ्या काकांनी त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘समाचार घेणे म्हणजे बदडणे.’

ती रेघ बघून मी बराच वेळ गप्प बसले. पत्रक करायचं ठरलं त्यामागे इथलाच, फोर्ट वर्थचा प्रसंग आहे. १२ ऑक्टोबर २०१९, रात्रीचे अडीच. समोरच्या घराची दारं उघडी आणि दिवे चालू दिसले, म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. तोही तातडीच्या मदतीच्या ९११ ला नाही, तातडी नसलेल्या कामांच्या नंबरवर. घरात अटाटियाना जेफर्सन, वय २८, आठ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. पोलिसांनी दार वाजवलं नाही. ते घराच्या मागच्या अंगणात गेले. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून तिने पर्समधलं पिस्तूल काढलं आणि ती खिडकीशी गेली. ‘हात वर कर’ असं ओरडून अधिकाऱ्याने त्याच दमात काचेतून गोळी झाडली. आपण पोलीस आहोत हे तो बोललाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मनुष्यवधाबद्दल जवळजवळ बारा वर्षांची शिक्षा झाली. दारं का उघडी होती, तर संध्याकाळी हॅम्बर्गर करपले होते, धूर बाहेर जावा म्हणून.

आता सांगा, मी कोणता शब्द लिहू?

अप्पा (डोंबिवली)

मुक्ताताई, आजी बरोबर आणि काकाही बरोबर. ‘समाचाराला जाणे’ म्हणजे आजाऱ्याकडे किंवा दुखवट्याच्या घरी जाऊन येणे. ‘समाचार घेणे’चे मात्र दोन्ही अर्थ चालत आले आणि ‘खरपूस’ जोडून जोडून दुसऱ्याने पहिल्याला गिळलं. बातमी हा अर्थ आपल्याकडे मागे पडला, गुजराती-हिंदीत तो ठणठणीत आहे. ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघतोय.

आमच्या चाळीतली गोष्ट सांगतो. सकाळी दहापर्यंत दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली दिसली की पहिली हाक, मग दुसरी, मग कडी वाजवायची. असंच एकदा तळमजल्यावरच्या मास्तरांचं दार सुताराला बोलावून उघडलं. न्हाणीत पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. आत शिरताना आमची नलूताई मोठ्याने म्हणत होती, ‘मास्तर, आम्ही आहोत हो, घाबरू नका.’ आधी आपण कोण ते सांगायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शब्दवेल्हाळ

एक निरीक्षण मांडतो. ‘समाचार घेणे’, ‘खबर घेणे’, ‘हजेरी घेणे’, ‘झाडाझडती घेणे’. मुळात या सगळ्या माहिती काढण्याच्या क्रिया, आणि सगळ्याच पुढे रागावण्या-मारण्याकडे झुकल्या. उलट ‘विचारपूस करणे’ कधीच बिघडलं नाही. ‘घेणे’ आलं की विचारणारा वरचढ होतो, ‘करणे’मध्ये तो समोर बसलेला असतो. म्हणून ताई, ‘विचारपूस करतील’ लिहा.

सानिका_नाशिक

हे पटत नाही. ‘काळजी घेणे’, ‘भेट घेणे’, ‘दखल घेणे’ यात कोण वरचढ? आणि ‘चौकशी करणे’मध्ये ‘करणे’ असूनही पोलीस दारात उभा दिसतोच. गावाकडे ‘तुमची चौकशी करत होते’ म्हटलं की बरं वाटतं, शहरात तेच ऐकून पोटात गोळा येतो. क्रियापदाचा दोष नाही. कोण विचारतंय, त्यावर ठरतं.

शब्दवेल्हाळ

‘काळजी’ ही माहिती काढण्याची क्रिया नाही, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू नाही. ‘चौकशी’चं मान्य. पण चौकशीही आता ‘लागते’ आणि ‘बसते’, हे बघा.

निवृत्त_हवालदार

मी छत्तीस वर्षं खात्यात काढली, म्हणून लिहितो. आमच्या ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी असायची आणि बीटवरचा माणूस अधूनमधून जाऊन यायचा. त्याला आम्ही कोणताही खास शब्द वापरला नाही. तोंडी ‘आजींकडे चक्कर मारून ये’, आणि स्टेशन डायरीत ‘समक्ष भेट देऊन खातरजमा केली, सुस्थितीत मिळून आल्या.’ ताईंना ‘खातरजमा’ चालेल का? ‘खुशालीची खातरजमा’. जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’ असायचंच.

आणखी एक. ताईंनी सांगितलेल्या प्रकरणात कॉलची नोंद काय होती, हे मला जाणून घ्यायचंय. माणूस ठाण्यातून निघतो तो नोंद ऐकून. पुढचं सगळं तिथे ठरतं.

मुक्ता (डॅलस)

हवालदारकाका, नेमकं बोट ठेवलंत. शेजाऱ्यांनी आपल्या परीने काळजी सांगितली. पोलिसांपर्यंत कॉल गेला तो ‘ओपन स्ट्रक्चर’ म्हणून, म्हणजे उघडी वास्तू. त्यात माणूसच नाही. खटल्यात अधिकारी म्हणाले की त्यांना घरफोडीचा संशय होता, म्हणून दार न वाजवता मागे गेले. ‘शेजारणीला बघून या’ आणि ‘उघडी वास्तू’ या दोन नोंदींमधल्या फरकात तिचा जीव गेला, असं मला वाटतं. शेजाऱ्यांनी पुढे बोलून दाखवलं की मी फोन केला नसता तर ती आज असती. हे वाक्य मला झोपू देत नाही. म्हणून या शब्दावर एवढी अडून बसले आहे.

भास्कर_पुणे

‘खुशाली’ फारसी, ‘खातरजमा’ अरबी-फारसी. मराठीत ‘क्षेम’, ‘कुशल’ असताना उसनवारी कशाला? ‘क्षेमपृच्छा’ म्हणा. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. ‘महापौर’ही एकेकाळी अवघड वाटला होता, आज रुळला.

अप्पा (डोंबिवली)

भास्करराव, राज्यव्यवहारकोशाबद्दल आदर आहेच. पण हे पत्रक ज्यांच्या हातात जाणार त्या माणसाला घाबऱ्याघुबऱ्या फोनवर बोलायचं आहे. ‘क्षेमपृच्छा’ त्याच्या तोंडून निघणार नाही.

वऱ्हाडी_मानूस (अकोला)

‘विचारपूस’मधला ‘पूस’ आमच्याकडं अजून जित्ता आहे. आम्ही ‘मले पुसलं’ म्हणतो, पुण्यातल्या माणसाला वाटते फडक्यानं पुसलं. दोन्ही पुसणे येगयेगळे. इचारायचा ‘पुस’ संस्कृत पृच्छ्, प्राकृत पुच्छ याच्यातून आला. कुकू पुसायचा दुसरा. म्हणून ‘क्षेमपृच्छा’ अन् ‘विचारपूस’ हे एकाच घरचे हाये. भास्करभाऊ, तुमचीच पृच्छा पुसत पुसत आमच्या वावरात आली. तिले परकी म्हनू नका.

शब्दवेल्हाळ

वा! आणि फारसीतला ‘पुर्स’, विचारणे, हाही पृच्छ्-चाच भाऊ. ‘वास्तपुस्त’ हा शब्द मी ‘बाजपुर्स’वरून आलेला मानतो. म्हणजे विचारपूस आणि वास्तपुस्त ही चुलत भावंडं ठरतात. ‘तिची कुणी वास्तपुस्त केली नाही’ असं आमच्या आत्या म्हणायच्या. हा शब्द परत आणायला हवा.

सानिका_नाशिक

‘वास्तपुस्त’ फारसीतूनच आला हे कशावरून? मला त्यात ‘वास्त’ म्हणजे वास्तव्य दिसतं. माणूस कुठे, कसा राहतो ते पुसणे.

शब्दवेल्हाळ

मग ‘पुस्त’मधला ‘त’ कुठून आला तेही सांगा.

सानिका_नाशिक

‘वास्त’च्या जोडीने आला. ‘अळमटळम’, ‘उरलंसुरलं’ यात नाही का एक शब्द दुसऱ्याला ओढत!

गोंयकार_मडगाव

आमच्याकडे ‘भलायकी विचारणे’ आहे. तब्येत विचारणे एवढाच अर्थ, पण विचारणाऱ्याचा हात खांद्यावर असल्यासारखा वाटतो. पत्रकात चालणार नाही हे ठाऊक आहे, नोंद असावी म्हणून लिहिलं.

अनुराधा (लंडन)

इथे पोलीस ‘कन्सर्न फॉर वेल्फेअर’ म्हणतात, कॅनडात ‘वेलनेस चेक’. तिथेही जून २०२० मध्ये न्यू ब्रुन्सविकच्या एडमंडस्टनमध्ये शँटेल मूर ही २६ वर्षांची आदिवासी तरुणी अशाच ‘वेलनेस चेक’मध्ये पोलिसाच्या गोळीने गेली. इंग्लंडमध्ये हंबरसाइड पोलिसांनी २०२० पासून वेगळी रीत सुरू केली. प्रश्न तब्येतीचा किंवा मनाचा असेल तर आरोग्यसेवेने जावं, जिवाला धोका किंवा गुन्हा असेल तर पोलिसांनी. आता ती देशभर पसरली आहे. तिच्याबद्दलही तक्रारी आहेत, कारण पोलीस जात नाहीत आणि आरोग्यसेवेकडे माणसं नाहीत, मग त्या दारात कुणीच पोचत नाही.

मुक्ता, शब्द काहीही घे, पण ‘तपासणी’ नको. ‘कल्याण तपासणी’ असं एका सरकारी अनुवादात वाचलं. ते गोदामाची तपासणी असल्यासारखं वाटतं.

निवृत्त_हवालदार

तपासणी नकोच. आमच्या भाषेत ‘तपास’ म्हणजे गुन्हा आधीच दाखल झालेला.

मुक्ता (डॅलस)

अनुराधाताई, ‘तपासणी’ मी पहिल्याच दिवशी काढली. आणखी एक अडचण कायद्याच्या पानावर आहे. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये कॅनिग्लिया खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. ‘कम्युनिटी केअरटेकिंग’, म्हणजे पोलिसांनी समाजाची काळजी वाहण्याचं काम, एवढ्याच कारणावर त्यांना वॉरंटशिवाय घरात शिरता येणार नाही. हा शब्दप्रयोग न्यायालयाने १९७३ मध्ये एका मोटारीच्या झडतीबद्दल वापरला होता, तो हळूहळू घराच्या उंबऱ्यापर्यंत आणला गेला. याला मराठीत काय म्हणावं? ‘लोकसंगोपन’ सुचलं, पण ‘पशुसंगोपन’ आठवून थांबले.

भास्कर_पुणे

‘लोकसंग्रह’ गीतेतला आहे.

अप्पा (डोंबिवली)

त्याचा अर्थ वेगळा. ‘समाजाची राखण’ म्हणा. ‘राखण’मध्ये काळजीही आहे आणि काठीही. पूर्वी गावात रात्रीला जागल्या असायचा, जागतो तो जागल्या. त्याला कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाची सून दिवस गेलेली आहे, सगळं ठाऊक. त्याची हाक ओळखीची असायची.

सानिका_नाशिक

अप्पा, जागल्याचं काम ज्या जातींवर लादलं होतं त्यांना दिवसा त्याच घरांचा उंबरा ओलांडता येत नव्हता. हे विसरून ‘ओळखीची हाक’ असं गोड करू नये. राखण करणारा आणि राखला जाणारा यांच्यात अंतर किती, हा प्रश्न तिथेही होता आणि फोर्ट वर्थलाही आहे. मारली गेलेली तरुणी काळी होती, आणि फोन करणारे शेजारीही काळेच होते.

अप्पा (डोंबिवली)

खरं आहे, सानिका. मी घाईत लिहिलं. शब्द ठेवा, गोडवा काढा.

मुक्ता (डॅलस)

सानिका, आमच्या पत्रकाच्या बैठकीत हा मुद्दा कुणी काढलाच नव्हता. आणखी एक सांगते. न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला केनेथ चेंबरलेन, वय ६८, हृदयाचा विकार, गळ्यात मदत मागायचं बटण घालून झोपत. १९ नोव्हेंबर २०११ ला पहाटे ते बटण चुकून दाबलं गेलं. आलेल्या पोलिसांना ते दाराआडून सांगत राहिले, मी ठीक आहे, मला मदत नको. बटणाच्या कंपनीनेही कॉल रद्द करायला सांगितलं. पोलिसांनी तासाभराने दार तोडलं आणि गोळी घातली. ‘मी खुशाल आहे’ हे उत्तर मिळाल्यावरही जी खुशाली विचारणं थांबत नाही, तिला कोणत्या शब्दाने विचारपूस म्हणू?

आमच्या इथले बरेच काका-काकू असंच बटण घालतात. मुलांनीच घेऊन दिलेलं.

वऱ्हाडी_मानूस (अकोला)

ताई, म्हनून मी म्हनतो, शब्दाच्या आधी वाक्य लिहा. ‘फोन करतानी आधी हे सांगा: मी शेजारी बोलतो. चोरी नाही, भांडण नाही. घरात अमुक मानूस आहे, वय इतकं, त्याची काळजी वाटते.’ नोंद करणाऱ्याले मानूस दिसला पाहिजे.

निवृत्त_हवालदार

शंभर टक्के. आणि ‘दार वाजवून नाव सांगा’ हेही फोनवर सांगायला लावा. आणि त्याआधी, धोका दिसत नसेल तर, आपणच एकदा हाक मारून बघावी.

शब्दवेल्हाळ

हे उत्तम. पण मथळा? मथळ्याला नाम लागतं. माझं मत ‘वास्तपुस्त’.

सानिका_नाशिक

वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तो शब्द कोशात बघावा लागेल.

भास्कर_पुणे

‘क्षेमपृच्छा’साठीही कोश उघडला तर बिघडत नाही. ‘शेजारी’चीच व्युत्पत्ती किती जणांना ठाऊक आहे? मला वाटतं ‘शेज’ म्हणजे अंथरूण, शेजघर, शेजारती. ज्याची शेज आपल्या शेजेला लागून, तो शेजारी.

वऱ्हाडी_मानूस (अकोला)

याले पुरावा काय?

भास्कर_पुणे

पुरावा नाही, कयास आहे. शोधतो.

मुक्ता (डॅलस)

पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. मथळ्यात ‘वेल्फेअर चेक’ देवनागरीत तसंच ठेवलंय. खाली लिहिलंय, ‘पोलीस घरी येऊन विचारपूस करतात, तेव्हा.’ त्याच्याखाली अकोल्याचं वाक्य जसंच्या तसं, फक्त प्रमाण मराठीत, आणि शेवटी हवालदारकाकांची हाक मारायची ओळ. पत्रक तपासणाऱ्या काकांनी ‘विचारपूस’वरही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. पोलीस खरोखर विचारपूस करतात का, असं त्यांना विचारायचंय. मी ते खोडलं नाही.

शब्दवेल्हाळ

‘शेजारती’ शेज आणि आरती, हे ठीक. पण ‘शेजार’ला शेजेत ओढायचं तर ‘आर’ कुठून आणायचा? भास्करराव, सापडलं का काही?