स्पीडबोटीचं ऑइल १३० अंशांवर जातंय

प्रश्न (मालवण): इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन फुल थ्रॉटलवर दहा मिनिटं चाललं की ऑइल १३० अंश सेल्सिअस दाखवतं. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र नेहमीच्या जागेवर. सेन्सर सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) आहे. काय तपासू?

उत्तर (हर्णै): दादा, आधी थ्रॉटल कमी करा. सम्पमध्ये साधारण ९० ते ११० ठीक. १३०ला ऑइल पातळ होऊन प्रेशर पडतं, बेअरिंगं जातात. मग सी-स्ट्रेनर (समुद्राचं पाणी गाळणारी जाळी), इम्पेलर (ते पाणी ओढणाऱ्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक) आणि त्याच पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या ऑइल कूलरच्या नळ्या उघडून बघा. इम्पेलरचं तुटलेलं पातं बहुतेकदा कूलरच्या तोंडाशी अडकतं. खाडीतला गाळ, शिंपल्यांचे तुकडेही तिथेच साचतात.

उत्तर (रत्नागिरी): कूलरमध्ये झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) असेल तर अर्धं झिजताच बदला. थेट मोठा कूलर मात्र नको! ऑइल कायम ८०च्या खाली राहिलं तर त्यातलं पाणी वाफ होऊन निघत नाही, ते दुधाळ होतं. बसवलाच तर ऑइल थर्मोस्टॅटसकट (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप).