मदत हवी आहे: जुनी सायकल घ्यायची आहे, पण चोरीची निघाली तर?

सोयाबीनवाला
राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला. पोरगं बारावीला लातूरला आहे, नीटची तयारी चाललीय. खोली औसा रोडला, क्लास ट्यूशन एरियात, सकाळी साडेसहाची बॅच. मागच्या वर्षी जूनमध्ये त्याला ९,२०० रुपयांची सायकल घेऊन दिली होती. गेल्या सोमवारी ती क्लासच्या खालून गेली. चार आकडे फिरवायचं वायरचं कुलूप होतं, ते कापून तिथंच टाकलेलं सापडलं. आतली तार किती बारीक असते ते त्या दिवशी बघितलं. जाड दिसतं ते वरचं प्लास्टिकच.

पोरगं दोन दिवस पायी गेलं आणि आम्हाला काही बोललं नाही. त्याच्या रूममेटनं फोन केला तेव्हा कळलं.

आता अडचण अशी की सोयाबीन अजून शेंगा धरतंय, हातात पैसा यायचा तो दसऱ्यानंतर. तोवर जुनी बघावी म्हटलं. खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर एक दिसली. मरून रंग, २६ इंची, डिस्क ब्रेक, ३,५०० रुपये, ‘अर्जंट विकणे’. तसली नवी ११ हजारांच्या खाली येत नाही, दुकानात विचारून आलो. फोन लावला. बिल आहे का? “बिल कोण सांभाळतंय काका.” फ्रेम नंबर सांगा. “सायकलला कुठं नंबर असतो, मोटारसायकल आहे का ती?” घरी येऊन बघू का? घरी नको, बसस्टँडजवळ या, रोख आणा.

बायको नको म्हणते. मेहुणा म्हणतो, तुमची कुणीतरी नेली, तुम्ही कुणाची तरी घ्या, हिशेब मिटला. तो गमतीनं म्हणाला, पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच घोळत होतं.

तर विचारायचं हे की सायकल चोरीची आहे का ते ओळखायचं कसं? आणि घेतलीच आणि नंतर मूळ मालक आला तर काय होतं? सायकलला आरसी बुक नाही, आरटीओ नाही, मग तपासायचं काय?

गोलाईकर
दादा, लातुरात जुनी सायकल घ्यायची वेळ मे महिना. नीट मेच्या सुरुवातीला होते, पुढच्या आठवड्यात खोल्या रिकाम्या व्हायला लागतात. गाद्या, कूलर, सायकल, सगळं निघतं. गावाकडं न्यायचा वैताग म्हणून बाप लोक मिळेल त्या भावात देऊन टाकतात, पोरगंही समोर असतं आणि खोलीमालकही. तेव्हा अर्ध्या किमतीत चांगली मिळाली तर संशय घ्यायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये, क्लास ऐन भरात असताना, कोणतं पोरगं सायकल विकतंय? एखादं सोडून गेलं असेलही. पण मग ते खोलीचा पत्ता सांगेल की.

नांदेडी_पाना
तीस वर्षं सायकली खोलतोय म्हणून सांगतो. नंबर असतो. जवळपास प्रत्येक कंपनीच्या सायकलला असतो. दोन्ही पायडलं ज्या आडव्या नळीत बसतात तिला आम्ही बीबी म्हणतो, तिच्या पोटाला, म्हणजे जमिनीकडच्या बाजूला ठोकलेला असतो. काहींना सीटच्या नळीवर, काहींना हँडलच्या खालच्या नळीवर. लोकांना तो दिसत नाही कारण तिथं चिखल आणि ग्रीस बसलेलं असतं. सायकल उलटी करा, सीट-हँडलवर उभी. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा. तरी नीट वाचता आला नाही तर वर कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात.

आता नीट ऐका. नंबर गंजलेला असेल, खराब ठोकलेला असेल, तर एक वेळ चालतं. पण त्या जागी ग्राइंडरचे ओरखडे असतील, किंवा बाकी फ्रेम जुनी आणि तेवढ्याच तळहाताएवढ्या जागेवर स्प्रेचा ताजा रंग असेल, तर तिथूनच माघारी फिरा. बीबीच्या पोटाला रंग देणारा गिऱ्हाईक मी आजवर बघितला नाही. ती जागा दिसतच नाही, तिथं शोभेसाठी कोण खर्च करतंय?

दुसरी खूण सीट. मालकाची सायकल मालकाच्या उंचीला बसवलेली असते. सीटच्या दांड्यावर एक रेघ पडलेली असते, वर्षभर एकाच जागी आवळून. विकणाऱ्याला म्हणावं, बसून एक चक्कर मारून दाखवा. गुडघे हँडलला लागायला लागले की समजा, ही त्याची नाही. भावाची आहे म्हणेल, तर म्हणा भावाला बोलवा.

तिसरं, कुलूप. सायकल विकतोय तर कुलूप आणि किल्ली कुठंय? हरवलं असेल, ठीक. पण फ्रेमवर कुलपाचा क्लॅम्प तसाच आणि कुलूप गायब असेल तर एक प्रश्न जास्त विचारा.

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् चोरीत आमचंच गाव मागं का राहील! मपल्या तीन गेल्या. तिसरी गेल्यावर चौथी मीबी अशीच घेतली होती, दोन हजाराला, बिल नाही न् काही नाही. काही झालं नाही. सगळेच घेतात भाऊ. एवढा इचार केला तर पायीच फिरावं लागंल.

काळाकोट
परभणीकर, काही झालं नाही ते नशीब.

सोयाबीनवाला, कायदा थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचा माल घेण्याचं जुनं कलम ४११ आता ३१७(२) आहे. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेतला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘मानायला कारण असून’ हे शब्द लक्षात ठेवा. तिप्पट किमतीचा माल, बिल नाही, नंबरवर रंग, भेट बसस्टँडवर, व्यवहार रोखीत. एवढं सगळं दिसत असताना घेतला, मग मला काय माहीत, असं म्हणायला तोंड राहत नाही.

समजा तुम्ही खरंच अंधारात होता. गुन्हा लागणार नाही, पण सायकल हातची जाते. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे हक्कच नाही, तर तुमच्याकडे कुठून येणार? पोलीस सायकल जप्त करतात, मूळ मालक कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, घेऊन जातो. तुमचे ३,५०० तुम्ही चोराकडून वसूल करायचे, तो सापडला तर. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तरी यात फरक पडत नाही. कागदानं तुमचा प्रामाणिकपणा दिसतो, मालकी येत नाही.

मला वेगळंच विचारायचंय. तुमच्या स्वतःच्या चोरीची फिर्याद दिली का?

सोयाबीनवाला
गेलो होतो साहेब. तिथं म्हणाले, सायकलचं काय एवढं, ‘गहाळ झाली’ असा अर्ज देऊन जा. दिला. पोच घेतली आहे. चूक झाली का?

काळाकोट
झाली, पण सुधारता येते. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवली. तुमची तर कुलूप कापून नेली. कापलेलं कुलूप जपून ठेवलंय ना? ते आणि बिल घेऊन परत जा आणि चोरीची फिर्याद द्या.

बिलाचं महत्त्व इथं दुहेरी आहे. नव्या संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमची ९,२०० ला घेतलेली, जेमतेम सव्वा वर्षाची. बिल दाखवलं तर किमतीचा वाद निघणार नाही. बिलावर फ्रेम नंबर आहे का बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा, काहीजण वहीत लिहून ठेवतात.

उदगीरची_आई
माझी मुलगी पण तिथंच शिकत होती, म्हणून मनापासून लिहिते. मुलं सायकलला कुलूप लावतात ते नुसतं चाकाला. मागच्या चाकाचं गोल कुलूप असलं की सायकल चालवता येत नाही एवढंच, उचलून टेम्पोत टाकायला काय लागतं? आम्ही पोलादी साखळी घेतली. फ्रेम, मागचं चाक आणि जिन्याचा गज, तिन्हीतून एकदम घ्यायची. गज नसेल तिथं दोघी मैत्रिणी एकमेकींच्या सायकली बांधायच्या, दोन एकदम उचलणं जड जातं. पुढचं चाक आणि सीट ज्या खटक्यानं निघते तो खटका काढून मिस्त्रीकडून साधा नट बसवून घेतला.

आणि नव्या सायकलचा पहिल्याच दिवशी फोटो काढा. एक पूर्ण सायकलचा, एक खालच्या नंबरचा. मुलीनं सीटच्या खाली कंपासच्या टोकानं नाव कोरलं होतं, मी ओरडले होते तेव्हा.

जुना_अॅटलस
थोडं विषयांतर. पोराला गिअर कशाला हवेत? लातूर काय महाबळेश्वर आहे? आमच्या वडिलांच्या काळ्या अॅटलसवर दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लटकायच्या, वर मी कॅरिअरवर. ती कुणी चोरली नाही, चोरून नेऊन करणार काय, ओळखायचं अख्खं गाव. साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. साधी बिनगिअरची काळी सायकल दुसऱ्या कंपन्यांची अजून मिळते. पोरगं लाजेल थोडं, पण चोर बघणारसुद्धा नाही.

सोयाबीनवाला
सगळ्यांचे आभार. काल लातूरला जाऊन आलो, काय झालं ते सांगतो.

आधी फिर्याद. बिल कपाटात पॉलिसीच्या फायलीत सापडलं, नंबर त्यावर नव्हता. दुकानदाराच्या वहीत निघाला. या वेळी चोरीची लिहून घेतली.

मग मेहुण्याला सोबत घेऊन ती मरून सायकल बघायला गेलो. घ्यायची नाही हे ठरलं होतं, पण बघायची होती. विकणारा पंचविशीतला, चांगला उंच. सीट अगदी खाली बसवलेली. चक्कर मारा म्हटलं तर म्हणाला, तुम्हीच मारा. उलटी करू का, म्हटलं, तर घाई आहे म्हणाला. तरी मेहुण्यानं वाकून खाली मोबाइलचा उजेड टाकला. बीबीला काळा रंग, अजून चमकत होता.

पण मला आठवतंय ते दुसरंच. हँडलला, घंटीच्या बाजूला, काळा दोरा बांधलेला होता. गाठीत एक छोटी कवडी. मी विचारलं, हा दोरा कुणी बांधला? तो म्हणाला, “घेतली तेव्हापासून होता.” नवी सायकल दुकानातून दोरा बांधून मिळत नाही. तो कुणाच्या तरी आईनं नाहीतर आजीनं बांधलेला. आमच्या पोराच्या सायकलला त्याच्या आजीनं बांधलाच होता तसा, फक्त कवडी नव्हती. मेहुणाही मग हिशेबाचं काही बोलला नाही.

बायको आजारी आहे सांगून निघालो. फोटो आणि त्याचा नंबर पोलिसांना दिलाय, बघतो म्हणाले. पोराला सध्या भावाची काळी सायकल दिली आहे, जुना_अॅटलस यांनी हसू नये. साखळी नवी घेतली.

आता माझंच एक काम. ट्यूशन एरियात कुणाचं लेकरू असेल तर त्याच्या ग्रुपवर हे टाका: मरून रंग, २६ इंची, डाव्या पायडलचं रबर फुटलेलं, हँडलला काळा दोरा, त्यात कवडी. कुणाची असेल त्यानं बिल घेऊन आधी पोलीस ठाण्यात जावं आणि मग मला इथं निरोप टाकावा. फोटो मी देतो.