आमच्याकडे नर नाहीच, तरी पोट कसं दिसतंय?

*गुरुवार*

बी-३०४ मृणाल: ग्रुपवर मासे पाळणारं कोणी आहे का? ईशानच्या टाकीत दोन गप्पी आहेत. दोन्ही माद्या, पिल्लांचा पसारा नको म्हणून मुद्दाम तशाच घेतल्या. आता मोठीचं पोट लाडवासारखं फुगलंय. पोट साफ होत नसेल का?

बी-४०२ राहुल: इनो द्या 😄

सी-२०३ वैशाली: राहुल, गप रे. मृणाल, १०१च्या परांजपेकाकांना विचार. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यापेक्षा टाक्या जास्त आहेत.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. येत्या रविवारी पाण्याच्या टाक्या धुण्याचे काम आहे. सकाळी ८ ते दुपारी २ पाणी बंद राहील. कृपया सहकार्य करावे.

ए-१०१ परांजपेकाका: मृणाल, वरून काढलेला फोटो नको, बाजूने काढ. पोटाच्या मागच्या टोकाला, खालच्या पराच्या जरा वर काळा डाग आहे का?

बी-३०४ मृणाल: आहे. गेल्या आठवड्यात करडा होता, आता काळाच झालाय. बॅटरी मारली की आत बारीक बारीक ठिपके दिसतात.

ए-१०१ परांजपेकाका: ते पिल्लांचे डोळे. अभिनंदन! आणि बॅटरी मारू नकोस, बिचकते ती.

बी-३०४ मृणाल: अहो काका, पण नर नाहीच आमच्याकडे!!

ए-१०१ परांजपेकाका: तुमच्याकडे नाही, दुकानात होता ना. तिथे सगळे एकाच टाकीत असतात. गप्पीची मादी नराचं बीज पोटात काही महिने साठवून ठेवू शकते. एका भेटीवर साधारण महिन्याला एक अशी बरीच बाळंतपणं होतात. दुकानातून आणलेली मोठी मादी पोटुशी आहे असंच धरून चालायचं.

बी-४०२ राहुल: म्हणजे एफडी. दर महिन्याला व्याज.

सी-२०३ वैशाली: डोहाळजेवण कधी मग? मी पुरणपोळ्या करते, तिला अळ्या द्या.

डी-५०१ शेखकाकू: आमच्या माशाचं पोट पण असंच फुगलं होतं, दोन दिवसांत गेला बिचारा. नीट बघा हं.

ए-१०१ परांजपेकाका: शेखवहिनींचा मुद्दा बरोबर आहे. आता वरून बघ मृणाल. खवले अननसासारखे उभे राहिले असतील आणि ती खात नसेल तर तो आजार, पोटात पाणी होतं. खवले अंगाला चपटे आणि खाणंपिणं नीट असेल तर बाळंतपण.

बी-३०४ मृणाल: चपटे आहेत. खाण्याचं तर विचारूच नका. ईशानच्या बाबांनी येताना जाळीचा डबा आणलाय, टाकीत अडकवायचा. आत्ताच सोडू का तिला त्यात?

ए-१०१ परांजपेकाका: नको. आधी डबा कपाटात ठेव, मग पुढचं वाच.

माझी पहिली ब्लॅक मॉली, म्हणजे गप्पीसारखीच पिल्लं देणारी मासळी, मी अशीच घालवली. आज होईल, उद्या होईल करत तिला सहा दिवस त्या डब्यात ठेवली. हाताच्या तळव्याएवढी जागा, जाळीवर तोंड आपटायची. पिल्लं झाली नऊ, त्यातली पाच मेलेली, आणि दुसऱ्या दिवशी तीही गेली. शेवटच्या दिवसांत जाळीने पकडणं, दुसऱ्या पाण्यात टाकणं याचा फार ताण येतो त्यांना. दिवस भरायच्या आत पिल्लं टाकतात. दुकानदार डबा विकतो, हे सांगत नाही.

तुमची टाकी २० लिटरची ना? आहे तिथेच राहू दे. मी संध्याकाळी गप्पी ग्रासचा, म्हणजे पाण्यातल्या गवताचा, एक मोठा झुबका आणून देतो, पैसे नको. तो वरच तरंगू दे, पिल्लं त्यातच लपतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांध, नाहीतर पिल्लं सरळ आत ओढली जातील. हीटर २५-२६ वर ठेव, आपल्याकडे रात्री फार गार होतंय. गार पाण्यात दिवसही लांबतात.

बी-३०४ मृणाल: आणि ती पिल्लं खाते म्हणतात ते खरं?

ए-१०१ परांजपेकाका: खरं. समोर बारीक काही हललं की तिच्या लेखी तो खाऊ. तिला दोनदा थोडं थोडं खायला देत जा, म्हणजे तेवढी मागे लागणार नाही. तरी काही जातीलच. ईशानला आधीच सांगून ठेव.

*शनिवार*

ए-१०१ परांजपेकाका: मृणाल, सेक्रेटरींची सूचना वाचलीस ना? टाकी धुतल्यावर ब्लीचिंगचा वास येतो, ते पाणी माशांना अजिबात नको. आजच दोन बादल्या भरून उघड्या ठेव. पुढचे तीन-चार दिवस नळाचं थेट पाणी टाकीत घालायचं नाही. अगदीच लागलं तर अँटीक्लोरीनचे थेंब टाकून. बदलायचं ते पाव टाकीच, सगळं नाही.

सेक्रेटरी: ब्लीचिंग पावडर प्रमाणातच वापरली जाते.

ए-१०१ परांजपेकाका: माणसांच्या प्रमाणात, साहेब.

*मंगळवार*

बी-३०४ मृणाल: काका मी ईशान आईच्या फोनवरून. शाळेत जायच्या आधी बघितलं तर झाली!!! गवतात आहेत. मी १७ मोजली मग १९ मग परत १६

ए-१०१ परांजपेकाका: शाब्बास! हलतात, त्यामुळे तसंच होतं. केवढी आहेत?

बी-३०४ मृणाल: तांदळाच्या दाण्याएवढी. डोळे मोठ्ठे. एक फिल्टरच्या स्पंजवर बसलंय

बी-३०४ मृणाल: मृणाल बोलतेय. यांना खायला काय? नेटवर उकडलेल्या अंड्याचं पिवळं म्हणतात, पण सासूबाई घरात अंडं आणू देत नाहीत.

ए-१०१ परांजपेकाका: नकोच ते, पाणी नासतं. मोठ्यांचंच खाणं दोन बोटांत चुरडून पिठासारखं कर, चिमटीच्याही चिमटीएवढं, दिवसातून तीन-चारदा. उरलेलं तळाशी साचू देऊ नकोस.

बी-४०२ राहुल: एवढी ठेवणार कुठे? मागच्या नाल्यात सोडा, डास खातील.

ए-१०१ परांजपेकाका: नाल्यात अजिबात नाही. डासांसाठी पालिका गप्पी सोडते ते खरं, पण बंदिस्त हौदात, विहिरीत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. नाल्यातून नदीत गेले की तिथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. बागेतल्या कारंज्याच्या हौदात चालतील, नाहीतरी ते कारंजं तीन वर्षं बंदच आहे.

सेक्रेटरी: कारंज्याचा विषय पुढील मीटिंगमध्ये घेण्यात येईल.

सेक्रेटरी: मृणालताई, नातीसाठी दोन मिळतील का?

ए-१०१ परांजपेकाका: आत्ता नाही. महिना-दीड महिन्याने नरांना रंग चढतो, पोटाखालचा पर काडीसारखा होतो. तेव्हा नर वेगळे काढायचे, त्यातले दोन तुम्ही न्या. नरच न्या हं, साहेब.