धरणात गेलेल्या गावाची भावकी पुन्हा एकत्र कशी आणावी?

कोयनाकाठ

नमस्कार. आमचे मूळ गाव जावळी खोऱ्यात, कोयनेच्या काठी होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयाचे पाणी चढू लागले आणि गाव उठले. आजोबा धरून चौघे चुलतभाऊ होते. त्यांतील एक तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पुनर्वसनाच्या जमिनीवर गेले, एक सोलापूरच्या बाजूला, एक मुंबईला मशीद बंदरावर ओझी वाहायला, आणि माझे आजोबा डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून तिथेच राहिले. त्या पिढीने लग्नकार्याला आणि दहाव्या-तेराव्याला एकमेकांकडे जाणे सोडले नाही. पुढे मात्र ते तुटत गेले.

गेल्या वर्षी वडील वारले. कोणत्या घरांना आमचे सुतक आहे हे सांगू शकेल असे माणूसच घरात उरले नव्हते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत आम्ही घाटावर उभे असताना, महाडकडून दोन एसट्या बदलून एक वयस्कर गृहस्थ आले. ते माझे चुलत चुलते निघाले. जुन्या देव्हाऱ्यातला जोतिबाचा चांदीचा टाक त्यांच्या घरी आहे आणि त्याचा उजवा कोपरा दुमडलेला आहे, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मला उभ्या जागी रडू आले, कारण गाव सोडताना बैलगाडीत देवांच्या पेटीवर जाते पडून तो कोपरा दुमडल्याची हकीकत वडिलांनी मला लहानपणापासून सांगितली होती.

तेव्हापासून सगळ्या भावकीला एकदा एकत्र बोलवावे, असे मनात आहे. उरलेली घरे कशी शोधावीत? मी दोन घरी दूरध्वनी केला, तर दोन्हीकडे पहिला प्रश्न आला, “कसली सही पाहिजे आहे का?” हा संशय कसा दूर करावा? आणि गावच उरले नसताना जमावे कुठे?

वारणाकाठ

आमच्याकडे, शिराळ्याच्या बाजूला, आजही काही वर्षांनी हेळवी येतात. बैल घेऊन दारात येतात, चोपडा उघडून मूळपुरुषापासून वंशावळ वाचतात, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे विचारून लिहून घेतात आणि धान्य, कापड, काही घरी वासरू घेऊन जातात. एकाच कुळाच्या पांगलेल्या घरांकडे तेच हेळवी जात असल्याने कोणती शाखा कुठे नांदते, हे त्यांना भावकीपेक्षा नेमके ठाऊक असते. तुमच्या आडनावाच्या जुन्या घरांत कोणते हेळवी येत होते, एवढे विचारून पाहा.

दुसरी जागा नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत मूळ गाव आणि आडनाव सांगून नोंद शोधता येते. विधीला आलेल्याने आपली, भावांची आणि मुलांची नावे लिहून खाली सही केलेली असते. जुनी पाने मोडीत असतात. गाव पाण्याखाली गेले तरी नामावळीत ते जागेवर असते. आमच्या पणजोबांचा अंगठा मी तिथे पाहिला आणि बराच वेळ पान उलटवले नाही.

माहेरवाशीण

तुम्ही चार भावांची घरे मोजलीत, बहिणींची मोजली नाहीत. ही चूक आमच्याही घरी झाली होती. पहिल्या मेळाव्याची पत्रे फक्त पुरुषांच्या नावे गेली आणि माणसे जेवून उठून गेली. दुसऱ्या वेळी आत्यांना, त्यांच्या मुलांना, चुलत बहिणींना मानाने बोलावले, तेव्हा खरी ओळखपाळख झाली, कारण कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाला बाळ झाले, हे त्यांच्याच तोंडी होते. हेळव्यांच्या चोपड्यात बहुधा पुरुषांचीच ओळ असते. लेकींची ओळ तुम्हालाच लिहावी लागेल.

सहीच्या प्रश्नाचा राग मानू नका. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. त्यानंतर कितीतरी बहिणींना राखीपौर्णिमेच्या आगेमागे हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले गेले आहे. तेव्हा निमंत्रणातच लिहा की या दिवशी कोणताही कागद पुढे केला जाणार नाही आणि जमिनीचा विषय निघणार नाही. वंशावळीसाठी आधार क्रमांक किंवा खाते उतारा चुकूनही मागू नका. शक्य असेल तिथे दूरध्वनी न करता घरी जा, चहा घ्या, आणि पहिल्या भेटीत काहीच मागू नका.

जुने दप्तर

जिल्हा पुनर्वसन कार्यालयातील संकलन रजिस्टरमध्ये कोणत्या खातेदाराचे किती क्षेत्र गेले आणि त्याला कुठे जमीन दिली, याची नोंद असते. घरे शोधायला ते उपयोगी आहे. पण तुम्ही एकट्याने ते काढलेत तर संशय वाढेल. सापडलेल्या प्रत्येक शाखेतील एक माणूस सोबत घेऊन जा आणि प्रत सगळ्यांना द्या.

जागेसाठी माझे मत ठाम आहे: मंगल कार्यालय घेऊ नका. मे महिन्याच्या अखेरीस पाणी सर्वांत खाली असते. बामणोलीहून किंवा तापोळ्याहून लाँच करून गावाच्या जागेवर जा, तिथे नारळ वाहा आणि परत येऊन काठावर जेवा. म्हाताऱ्या माणसांना गाळात उतरवू नका. सुकल्यासारखा दिसला तरी तो पाय धरतो. त्यांना लाँचमधूनच दाखवा.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माहेरवाशीण यांचे वाचून मी त्याच रविवारी मेढ्याला, वडिलांच्या चुलत आत्याकडे गेलो. काही न मागता बसलो. तासाभराने त्यांनीच डोळे मिटून नदीच्या अंगाने एकेक घर सांगायला सुरुवात केली: पहिले फणसाचे, मग दोन ओट्यांचे, मग 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात नव्या जागी ज्यांची भिंत पडली त्यांचे. अकरा घरे झाली. मी चारच समजत होतो. त्यांतील सात घरांच्या लेकी कुठे दिल्या, तेही त्यांना पाठ होते.

मेचा शेवटचा रविवार ठरवला आहे. महाडचे काका टाक घेऊन येणार आहेत, आणि आत्या म्हणाल्या की लाँचमध्ये त्यांना पुढे बसवावे, म्हणजे फणसाची जागा त्या दाखवतील.