पर्यायी शाळांतील मुले पुढे खरोखर मागे पडतात का?
पर्यायी, म्हणजे रूढ पद्धतीपेक्षा वेगळ्या रीतीने शिकवणाऱ्या शाळांतील मुले पुढे स्पर्धेत मागे पडतात, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात सुरू झालेल्या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’त अशाच प्रयोगशील शाळांच्या विद्यार्थ्यांची, वय, बौद्धिक क्षमता आणि कौटुंबिक पार्श्वभूमी जुळणाऱ्या इतर शाळांतील विद्यार्थ्यांशी जोड्या लावून तुलना केली गेली, अशा १,४७५ जोड्यांमध्ये प्रयोगशील शाळांचे विद्यार्थी महाविद्यालयीन गुणांत किंचित पुढेच होते, आणि ज्या शाळांनी रूढ चौकट सर्वाधिक मोडली होती, त्यांचे विद्यार्थी तर अधिकच ठळकपणे उजवे ठरले. अशा मुलांचे पालक मुळातच जागरूक असतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जोड्या लावणे आवश्यक होते. नोकरी-व्यवसायातील यश मोजणे मात्र याहून पुष्कळ अवघड आहे, कारण तिथे पगाराइतकेच आपले काम आपण निवडता येणेही मोलाचे असते.