ब्युरोला (घरी सिस्टर-मावशी पुरवणाऱ्या एजन्सीला) 'मराठीच सिस्टर पाठवा' सांगणं बरोबर आहे का? (ठाणे-नवी मुंबई, घरची शुश्रूषा)

खारघर_वॉर्डइन्चार्ज:
घरी पेशंटसाठी माणूस मागताना आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मराठीच पाठवा, बाहेरची नको." माझ्या मते अट चुकीच्या जागी पडते. आधी काम ठरवा. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली भरवायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढणं) असेल तर जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा (३ वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षं) झालेली सिस्टर हवी. केरळात शिकलेली असो की मणिपुरात, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागून बघा. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं एवढंच असेल तर शिकवून तयार केलेली मावशी पुरते. नोंदणीचा कागद न बघता आडनाव बघणारी घरं मात्र भरपूर!

भाषेची अडचण खरी आहे, पण ती निम्मी घरच्यांनीच तयार केलेली असते. फ्रिजवर चिठ्ठी असते, 'इन्सुलिन ४'. देवनागरी न वाचणाऱ्याला मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा. डोस तिथेच दुप्पट झाला. इंग्रजीत चारपुढे घाईने नुसतं 'यू' अक्षर काढलं, तर ते शून्य वाटून चाळीस वाचलं जातं. म्हणून आकडा इंग्रजी आणि पुढे 'युनिट' शब्द पूर्ण. सिरिंजही बघा. ४० युनिट प्रति मिलीच्या बाटलीला लाल टोपीची, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट जातं आणि पहाटे साखर कोसळते. ही चूक अस्सल पुणेरी बोलणाराही करतो.

नौपाडा_ज्येष्ठसेवा:
असहमत. ट्यूबवरच्या पेशंटला तुमचं गणित लागू पडेल, डिमेन्शियाला (स्मृतिभ्रंशाला) नाही. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. आयुष्यभर बँकेत हिंदी-इंग्रजी बोललेली बाई मालवणीवर येते. "कळ येते", "जळजळतंय", "धडधडतंय", "मुंग्या आल्यात" या चारही तक्रारी रजिस्टरात 'पेन' म्हणून गेल्या, तर फोनवरच्या डॉक्टरने काय समजायचं? अशा घराने मराठी माणूस मागितला तर तो भेदभाव नव्हे, ती गरज आहे.

ऐरोली_आरएन:
ताई, बोलता न येणाऱ्या पेशंटसाठी पेनएड, म्हणजे नुसतं बघून दुखणं मोजायची पट्टी, आहेच. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकी ० ते २, एकूण १०. त्यात पेशंटने सांगण्यासारखं काहीच नाही. शिकलेली नागा किंवा मल्याळी सिस्टर ते नीट भरते. न शिकलेली मराठी मावशी "आजी जरा कुरकुरतायत" म्हणून सोडून देते.

नौपाडा_ज्येष्ठसेवा:
पाचवा मुद्दा परत वाचा. समजूत आवाजाने किंवा स्पर्शाने घालायची असते. आजींना कळतील असे शब्दच नसतील तर त्या शांत होणार नाहीत आणि आकडा उगाच चढेल. मग गुंगीच्या गोळीची मागणी होते, गुंगीत तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की सगळं आवरलंच.

ऐरोली_आरएन:
हा मुद्दा मान्य. पण उपाय माणूस बदलणं हाच का? घरातल्या ओळखीच्या आवाजात २५-३० वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून द्या: "घाबरू नको", "लघवीला जायचंय का", "कुठे दुखतंय, हात लाव". सिस्टर तीच वाक्यं ऐकून रोज म्हणते. तक्रारींचा कागद वेगळा करा, शब्द मूळ मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, आणि डॉक्टरला फोनवर तोच शब्द जसाच्या तसा सांगायचा. छातीतली कळ असेल तर कागदही नको, सरळ १०८.

घोडबंदर_कमिटी:
हे सगळं घराच्या आतलं झालं. सोसायटीला सुरक्षा बघावी लागते. रोज नवा चेहरा, ओळखपत्र परराज्यातलं. व्हेरिफिकेशन आणि स्टाफची वेगळी लिफ्ट यात गैर काय?

सीवूड्स_रोस्टर:
व्हेरिफिकेशन जरूर करा, पण सगळ्यांचं. ईशान्येकडच्या मुलीला गेटवर रोज थांबवायचं आणि साताऱ्याच्या मावशीला हात करून सोडायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ८ ची ड्युटी असते, ती गेटवर २० मिनिटं अडकली की रात्रीची सिस्टर हँडओव्हर न देताच लोकल पकडायला पळते. कितीला भरवलं, किती मिली लघवी झाली, शेवटची कूस कोणती, सगळं हवेत. आणि "घरात मासे चालणार नाहीत" हे पहिल्या फोनवरच सांगा. चौथ्या दिवशी डबा उघडल्यावर नको.

दुसरं, एकाच भागातली माणसं ठेवली तर गणपतीत सगळ्या कोकणात, आणि ब्युरो फोन उचलत नाही. मिश्र रोस्टर असेल तर कुणी नाताळला जातं, कुणी छठला, पण घर रिकामं पडत नाही.

नौपाडा_ज्येष्ठसेवा:
ओणम आणि गणपती कित्येकदा एकाच पंधरवड्यात येतात हो. तेवढंही जादुई नाही ते.

सीवूड्स_रोस्टर:
म्हणूनच तीन ठिकाणची माणसं लागतात, दोन नव्हे.

खारघर_वॉर्डइन्चार्ज:
मूळ दुखणं २४ तासांची ड्युटी आहे, त्यावर कुणी बोलत नाही. दर २ तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री १२, २, ४, ६. माणूस झोपणार कधी? मग ४ ला कूस बदलायची राहते आणि माकडहाडाशी डाग येतो. बोटाने दाबून पांढरा पडला नाही की बेडसोर सुरू झाला समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का ते बघायचं. परराज्यातल्या मुलींना २४ तास सर्रास लावतात, कारण त्यांना रात्री परतायला इथे घर नसतं. ठेवायच्याच तर १२-१२ च्या दोघी, आणि राहण्याची सोय पेशंटच्या खोलीबाहेर.

घोडबंदर_कमिटी:
दोघींचा खर्च किती घरांना परवडेल? पेन्शनवरच्या माणसाला हे सांगून बघा.

ऐरोली_आरएन:
दोन्ही पाळ्यांना नोंदणीकृत सिस्टर लागतेच असं नाही. ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं यासाठी सिस्टरची ठरावीक व्हिजिट, बाकी दोन मावश्या. आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर घरकाम करणाऱ्या बाईला २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, ही माहिती तिला कळेल अशा भाषेत ब्युरोने पहिल्याच दिवशी द्यावी.

नौपाडा_ज्येष्ठसेवा:
दोन मावश्या चालतील. डिमेन्शियाच्या घरी त्यातली दिवसाची मराठी द्या. संध्याकाळी ५ ते ८ आजी सगळ्यात जास्त बिथरतात, ती वेळ तिच्या पाळीत येते.